नकाशावरचे आपले गाव

देवळाच्या सभामंडपात नकाशा पसरला होता. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले होते. भोवती पंधरा-वीस माणसे उकिडवी बसली होती. दोन पंच, काही शेतकरी, शाळेतल्या दोन बाई, कॉलेजात जाणारी तीन-चार मुले आणि मी. कागदावर आमचेच गाव होते, पण ते कुणाला ओळखू येईना. वाड्यांची नावे नव्हती, देऊळ नव्हते, तळी नव्हती. सर्व्हे क्रमांक होते आणि रंग होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ऐंशीच्या घरातल्या एका काकांनी चष्मा पुसला, नदीच्या रेघेवर बोट ठेवले, वळणावळणाने ते पुढे नेले आणि एका जागी थांबून विचारले, "आमची मानस खंय?"

मानस म्हणजे खाजन शेताच्या बांधातला दरवाजा. भरतीचे खारे पाणी चढू लागले की ती मिटते, ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते. काकांचे निम्मे आयुष्य त्या मानशीच्या देखरेखीत गेले होते. नकाशावर बांध नव्हता, मानसही नव्हती. तिथे एक कोरी पट्टी होती आणि वसाहतीचा रंग त्या पट्टीच्या काठापर्यंत येऊन एका ठिकाणी काठ ओलांडून आत गेला होता. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही मोर्चाला जाणारी माणसे होतो. नकाशा वाचायला आम्ही त्या दिवशी बसलो.

आमच्या गावच्या गटाने इतक्या वर्षांत जे केले, जे चुकले आणि जे शिकले, ते आता पुस्तकरूपाने येत आहे. प्रस्तावना लिहायला मला सांगितले, कारण मी पहिल्या दिवसापासून गटात आहे आणि इतिवृत्ताच्या वह्या माझ्याकडे आहेत. पुस्तक इतर गावांसाठी आहे. त्यातले नमुने, तक्ते, अर्ज वाचक पुढे पाहतीलच. हे सगळे करायची पाळी का आली आणि अशा गटाचे बळ नेमके कशात असते, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

गोवा लहान आहे. ३,७०२ चौरस किलोमीटर, १२ तालुके, १९१ ग्रामपंचायती. एवढ्या जमिनीत डोंगर, खाणी, नद्या, खाजने, कुळागरे, किनारा आणि माणसे मावायची आहेत. कुठली जमीन शेतीसाठी, कुठली बागायतीसाठी, कुठली घरांसाठी आणि कुठल्या जमिनीला हात लावायचा नाही, हे प्रादेशिक आराखडा ठरवतो. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने तो करायचा असतो. जमीन तीच, माती तीच. पण आराखड्यात ती 'सेटलमेंट', म्हणजे वसाहतीची, झाली की तिचा भाव बदलतो. आमच्याकडे लोक बोलतातही तसेच: "त्याने जमीन सेटलमेंट करून घेतली." त्या एका वाक्यात किती पैसा आणि किती ओळखीपाळखी असतात, ते गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला. सुरुवातीला कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. मग काही वास्तुरचनाकारांनी आणि कार्यकर्त्यांनी जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डोंगरउतार, बागायती, झाडीने भरलेले पट्टे वसाहतीच्या रंगात गेले होते. त्यातून गोवा बचाव अभियान उभे राहिले. निमंत्रक होते डॉ. ऑस्कर रिबेलो, पेशाने डॉक्टर. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर जी सभा झाली तिला मी होतो. आमच्या तालुक्यातून दोन बसगाड्या गेल्या होत्या. राजकीय सभेला माणसे आणावी लागतात. इथे ती आपल्या खर्चाने आली होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक माणसांनी तोवर कधी घोषणाही दिली नसेल. २६ जानेवारी २००७ ला मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी तो आराखडा रद्द करण्याची घोषणा केली. अधिसूचना निघून सहा महिनेही झाले नव्हते. त्याच वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा केली. तीही गावोगावच्या विरोधापुढे.

लोकांनी सरकारला निर्णय मागे घ्यायला लावण्याची गोव्यातली ती पहिली वेळ नव्हती. फोंडा तालुक्यात केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. त्याला लोकांनी विरोध केला, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, आणि अखेर कारखाना गोव्याबाहेर गेला. माझ्या पिढीच्या मनावर भूतखांबचा ठसा खोल आहे. त्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो, की नको असलेले थांबवता येते. पण हवे असलेले कसे घडवायचे, ते त्या आंदोलनातून शिकण्यासारखे नव्हते. ते आम्हाला २००७ नंतर शिकावे लागले, आणि या पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

आराखडा रद्द झाल्यावर सरकारने नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमले. त्याची धुरा चार्ल्स कोरिया यांच्याकडे होती. देशात त्या तोडीचा दुसरा वास्तुरचनाकार शोधून सापडला नसता. त्यांच्यासोबत एडगर रिबेरो यांच्यासारखे अनुभवी नगररचनाकार होते. २०२१ सालापर्यंतचा आराखडा त्यांनी तयार केला. त्यात जमिनीचे दोन संवेदनशील गट पाडले, उरलेल्या जागेत वसाहत कुठे वाढेल ते सुचवले आणि मसुदा गावोगाव पाठवला. पंचायतीने लोकांबरोबर बसून तो तपासावा आणि आपले म्हणणे कळवावे, अशी ती रीत होती. सभामंडपात नारळांखाली पसरलेला तो नकाशा असा आला होता. इतक्या खालपर्यंत आराखडा आणून लोकांना विचारण्याचा प्रयत्न देशात फारच थोड्या ठिकाणी झाला असेल. त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते, आणि त्याचे पुढे जे झाले त्याबद्दल तितकेच दुःख.

आमच्यापुढची पहिली अडचण भाषेची होती. सगळे इंग्रजीत. नकाशा इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, रंगांची सूची इंग्रजीत. शाळेतल्या बाईंनी चार रविवार खर्चून सूचीचे मराठी केले आणि मुलांनी ते मोठ्या अक्षरात कार्डबोर्डवर उतरवून प्रत्येक वाड्यावर लावले. दुसरी अडचण आकड्यांची. काकांना मानस ठाऊक होती, तिचा सर्व्हे क्रमांक ठाऊक नव्हता. तलाठ्याकडचा एक-चौदाचा उतारा क्रमांक सांगतो, पण तिथे झर आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून आम्ही दोन्ही ज्ञाने एकत्र शिवायला घेतली. प्रत्येक वाड्यातून एक म्हातारे माणूस आणि एक कॉलेजातले पोर अशी जोडी केली. म्हातारे माणूस पुढे चालायचे आणि नाव सांगायचे: ही अमुकाची कोंड, हे वडाचे पेड, इथे मे महिन्यातही पाणी असते. पोर मागून नकाशावर खूण करायचे आणि क्रमांक लिहायचे. सात आठवडे हे चालले. बायका या कामात उशिरा आल्या आणि आल्यावर आमच्या यादीतल्या अर्ध्या झरी चुकीच्या निघाल्या. पाणी कोण भरते, हे आधी लक्षात घेतले असते तर तीन आठवडे वाचले असते.

मग आले लिहिणे. पुस्तकात हरकतींच्या नमुन्यांचे एक प्रकरण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. आम्ही पहिल्यांदा लिहिले होते: "या आराखड्यामुळे आमच्या सुंदर गावाचे सौंदर्य नष्ट होईल, तरी आमचा तीव्र विरोध आहे." त्याखाली दोनशे सह्या होत्या. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ते वाचले आणि शांतपणे विचारले, "यावर मी काय टिपणी लिहू?" त्यांच्याकडून आम्ही शिकलो. हरकत लिहायची तर आधी सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग. त्या जमिनीत आज काय आहे, तेही फोटोसह आणि फोटोवर तारीख. मसुद्यात तिला कुठला रंग दिला आहे. तो का चुकीचा आहे: जमीन भरतीच्या रेषेखाली आहे, की तिथून झर निघते, की उतार इतका आहे की डोंगर कापल्याशिवाय घर होणार नाही आणि परवानगीशिवाय डोंगर कापायला, सखल जमीन भरायला नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या १७अ कलमाने बंदी आहे. आणि शेवटी, तिला कुठला रंग हवा. एका हरकतीत एकच जमीन. आमच्या दोनशे सह्यांच्या कागदाच्या जागी एकेचाळीस कागद झाले. प्रत्येकाची पोच घेतली. पोच घेताना एका कार्यालयात तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा गावच्या सहा बायका माझ्याबरोबर आल्या आणि शिक्का मिळाला.

ग्रामसभेचेही तसेच. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते आणि बऱ्याच गावांत ती गटार, दिवे आणि भांडणे यांत संपते. ग्रामसभेत विषय आयत्या वेळी उठवला तर तो चर्चेत विरतो. तो आधी लेखी द्यावा लागतो, ठरावाची भाषा आधी घरी तयार करावी लागते, सूचक-अनुमोदक ठरवावे लागतात आणि इतिवृत्त लिहिले जात असताना शेजारी बसून शब्द न शब्द पाहावा लागतो. एकदा आमच्या ठरावातले 'करू नये' इतिवृत्तात 'करण्याबाबत विचार व्हावा' असे उतरले होते. ते पुढच्या ग्रामसभेत दुरुस्त करून घ्यायला तीन महिने गेले. तेव्हापासून गटातले एक माणूस सभेत बोलत नाही, फक्त लिहिते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की गोष्ट यशाची आहे. २०११ पर्यंत नवा आराखडा टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला. पण गावांनी सुचवलेले आणि अंतिम नकाशात आलेले यांत फरक असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. आमच्या एकेचाळीसपैकी सव्वीस गोष्टी मान्य झालेल्या दिसल्या. बाकीच्या का नाकारल्या ते कुठे लिहिलेले नव्हते. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने आराखडाच स्थगित ठेवला. पुढे तो परत लागू झाला, पण तोवर वारे फिरले होते. २०१८ मध्ये कायद्यात १६ब हे कलम आले, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ. या कलमांची भाषा वेगवेगळी आहे, पण परिणाम एकच: अख्ख्या गोव्याचा आराखडा न बदलता एकेका सर्व्हे क्रमांकाचा रंग बदलता येतो.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगत असतो, कारण गटांची सगळ्यांत मोठी फसगत इथे होते. २००६ साली सगळा गोवा एका नकाशात बदलला, म्हणून सगळा गोवा एकाच मैदानावर आला. आता अमुक गावातली दोन हजार चौरस मीटर, तमुक गावातली पाच हजार, अशी राजपत्रात यादी येते. मोर्चा कुठल्या दोन हजार चौरस मीटरसाठी काढणार? शेजारच्या गावाला तर ते कळतही नाही. ३९अ खाली हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. राजपत्र न वाचणाऱ्या गावाचे ते ३० दिवस केव्हाच निघून जातात. आमच्या गटात आता एका मुलीचे काम एवढेच आहे, की राजपत्र निघाले की त्यात आपल्या गावाचे नाव आहे का ते पाहायचे आणि असेल तर त्याच संध्याकाळी फोन करायचे. तिच्या कामात कुठे घोषणा नाही, हार-तुरे नाहीत. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या गावासाठी तिच्याइतके काम दुसऱ्या कुणी केले आहे असे मला वाटत नाही.

न्यायालयाची वाटही या कागदांतूनच जाते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. दाद मागणाऱ्यांत गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी ऑफ गोवा यांच्यासोबत गोवा बचाव अभियानही होते. आझाद मैदानावरच्या त्या सभेनंतर अठरा वर्षांनी. पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर २०२३ मध्ये क्षेत्रनियोजनाचा जो मसुदा आला, तोही लोकांच्या विरोधानंतर मागे घ्यावा लागला. संघटना टिकली तर असे होते. आणि टिकते ती वह्या, पोचपावत्या, नकाशाच्या प्रती आणि दर महिन्याची बैठक यांवर. संतापावर ती सहा महिने चालते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परके वाटू नये. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यातल्या ढीगभर चुकांमुळे दोन महिन्यांत रद्द करावा लागला. तिथेही 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या नावाने एकत्र आलेल्या संस्था वस्त्यावस्त्यांत नकाशे वाचत होत्या. झोपडपट्ट्या नकाशावर कोऱ्या सोडल्या होत्या, कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दी नीट नव्हत्या. नकाशावर आपली वस्ती कुठे, हा तिथल्या लोकांचा प्रश्न आणि आमच्या काकांचा प्रश्न यांत मला काही अंतर दिसत नाही.

आता एक गोष्ट गटांतल्या माणसांना सांगायची आहे, आणि ती सांगताना मला बरे वाटत नाही. गाव वाचवायचे म्हणताना कुणाचे गाव, हे आम्ही बरीच वर्षे विचारले नाही. आमच्या पहिल्या समितीत जमीन असलेली माणसे होती. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, नव्हते, भाड्याच्या खोलीत राहून बांधकामावर जाणारे नव्हते. 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द सभेत सहज यायचा आणि कुणी अडवायचे नाही. शंभर फ्लॅटची वसाहत आणणारा बिल्डर आणि तिच्या भिंती रचणारा गवंडी हे दोघे एकाच शब्दात बसवले की राग सोपा होतो, पण विचार बिघडतो. एका ग्रामसभेत एक मुंडकार बाई उठली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता घरे नकोत. माझ्या दोन मुलांची लग्ने व्हायची आहेत. ती कुठे राहतील?" कुणाकडे उत्तर नव्हते. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही ते शोधले. गावठाणाला लागून, रस्ता आणि पाणी आधीच असलेली, झर किंवा उतार नसलेली जमीन कुठे आहे, हे त्याच जोड्यांनी पुन्हा फिरून पाहिले. अशा चार जागा निघाल्या. त्या वसाहतीसाठी ठेवाव्यात असा ठराव आम्ही स्वतः मांडला. ज्या दिवशी तो मंजूर झाला त्या दिवसापासून आम्हाला 'विकासविरोधी' म्हणणाऱ्यांचा आवाज गावात तरी पडला. त्याआधी आम्ही कितीही खरे बोललो असतो तरी तो पडला नसता, कारण त्यांच्या आरोपात थोडे तथ्य होते.

बिल्डरकडून गटातली माणसे फुटणे, पंचायत निवडणुकीत गटाचे दोन तुकडे होणे, शेजाऱ्याविरुद्ध हरकत घ्यावी लागल्यामुळे चतुर्थीला एकमेकांकडे न जाणे, हेही सगळे झाले. पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात ते नावे गाळून, पण न लपवता लिहिले आहे. नव्या गटांनी ते आधी वाचावे, असा माझा आग्रह आहे. लहान गावात ज्याच्या जमिनीबद्दल आपण लिहितो तो रोज दुकानात भेटतो. म्हणून आमचा एक नियम झाला: हरकत दाखल करण्यापूर्वी जमीनमालकाच्या घरी दोघांनी जायचे, कागद दाखवायचा, कारण सांगायचे. बहुतेक वेळा तो रागावतो. दोनदा असे झाले, की मालकाने स्वतःच अर्ज मागे घेतला. एकाला तर आपल्या जमिनीतली झर आजोबांच्या नावाने ओळखली जाते हेच ठाऊक नव्हते.

पुस्तकाच्या शेवटी गावातल्या पाण्याच्या जागांचा तक्ता आहे: नाव, वाडा, सर्व्हे क्रमांक, पाणी किती महिने. काका तो छापलेला पाहायला नाहीत. त्यांच्या मानशीची नोंद पहिल्या ओळीत आहे. तक्त्याखाली दोन पाने कोरी ठेवली आहेत. प्रुफे तपासून झाली त्या रात्री वरच्या वाड्यावरून एका वहिनींचा फोन आला: त्यांच्या सासूबाईंना माडाच्या भाटात आणखी एक झर आठवली आहे, उद्या सकाळी दाखवतील, पण लवकर यायचे, दहानंतर त्यांना ऊन सोसत नाही.